पर्शियन मांजर: राजवाड्यातून शिरवळच्या ओसरीपर्यंत

आपलं शिरवळ पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. कारखाने आले, पुण्याची ये-जा वाढली आणि शहरातल्या हौशीही गावात आल्या. त्यातलीच एक म्हणजे पर्शियन मांजर. लांब मऊ केस, गोल डोळे, चपटं नाक. आता गटांच्या बैठकीत विचारणा होते, "ताई, याची पिल्लं विकायचा जोडधंदा करता येईल का?" उत्तराआधी हे मांजर असं घडलं कसं, ते बघू.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यामागे. साधारण १० हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे रानमांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. म्हणजे ही सोबत फार जुनी. आपल्याकडे लेकरांना जपणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर मानतात, आणि आपली सटवाई हे त्याच षष्ठीचं रूप. पण इतकी वर्षं मांजराचं रूप कुणी ठरवलं नव्हतं. जे उंदीर धरेल ते तगलं.

लांब केसांच्या मांजरांची कथा निराळी. पिएत्रो देला वाले नावाचा इटलीचा प्रवासी १६२० च्या सुमारास इराणात होता. खोरासान प्रांतातल्या राखाडी, रेशमी केसांच्या मांजरांचं त्याने मोठं कौतुक लिहून ठेवलं. हाच प्रवासी पुढे १६२३ मध्ये सुरतेला आणि गोव्याला येऊन गेला. अशी मांजरं युरोपात गेली आणि श्रीमंतांच्या घरची शोभा झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनेही पर्शियन मांजरं पाळली होती.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. १८८७ मध्ये तिथे मांजरांची राष्ट्रीय संस्था निघाली आणि वंशावळीची नोंदवही सुरू झाली. आई कोण, बाप कोण, हे कागदावर आलं. नाव पर्शियन राहिलं, पण आजच्या पर्शियन मांजराचं रक्त तपासलं तर ते इराणपेक्षा युरोपच्या मांजरांना जवळचं निघतं.

वंशावळ आपल्याला नवी नाही. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेताना आपली माणसं शिंगं, खूर, चाल बघतात, गाईची चौकशी करतात. पण ती निवड कामासाठी. ज्या बैलाला धाप लागते, त्याची पैदास कुणी ठेवत नाही. मांजराची निवड झाली ती केवळ रूपासाठी. नाक चपटं दिसलं की बक्षीस, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आणखी चपट्या नाकाची मांजरं जुळवली गेली. विसाव्या शतकात तोंड इतकं बसकं झालं की श्वास घ्यायला त्रास, डोळ्यांतून सतत पाणी, दात वाकडे. पिल्लं होतानाही अडचण येते. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार वंशाने उतरतो. त्यामागचा जनुकदोष २००४ मध्ये सापडला, तेव्हापासून तपासणी करता येते.

म्हणून जोडधंद्याचं आमचं उत्तर स्पष्ट आहे. शेळी, कोंबडीसारखा हा धंदा नाही. तपासणी न करता पिल्लं काढली, तर आजारच विकला जाईल. मादीला वरचेवर गाभण ठेवणं हा तिच्या जिवावरचा खेळ आहे. बाळंतपणाचे हाल आपल्याला कुणी सांगायला नकोत. गटाचं कर्ज यात घालू नये.

पण ज्यांच्या घरी हे मांजर आलंच आहे, त्यांनी ते नीट सांभाळावं. केस रोज विंचरा, नाहीतर गुंता होऊन कातडी दुखते. डोळे ओल्या मऊ फडक्याने पुसा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कोंडू नका. सावली, वारा आणि भरपूर पाणी द्या. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर जगत नाही. त्याला मांस-मासळी किंवा मांजरांचं खास खाणं लागतं. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. लसी वेळेवर टोचा, रेबीजची तर नक्की. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय आजारी पडली की आपण जातोच, मांजरासाठी जायलाही संकोच नको.

हौस फिटली म्हणून रस्त्यावर सोडू नका. गावठी मांजर कसंही पोट भरेल. या मांजराला नीट पळता येत नाही, गुंतलेले केस स्वतः सोडवता येत नाहीत. माणसाने त्याला आपल्या आवडीचं रूप दिलं, आणि त्यातच त्याचं स्वतःच्या पायावर उभं राहणं गेलं. ज्याने घडवलं, त्यानेच सांभाळायचं, हा साधा न्याय आहे.

आणि ज्यांना मांजरच हवं आहे, त्यांनी शेजारच्या गोठ्यातलं एखादं पिल्लू आणावं. पैसा लागत नाही आणि धान्यही राखलं जातं.