मृत्युपत्र नसलेल्या बापाची जमीन आणि बाबासाहेबांचे बिल

सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने गेले की बसवकल्याणचा फाटा लागतो. हीच चालुक्यांची कल्याणी. इथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क आणि मुलगा असेपर्यंत मुलीला वारसा नाही, असा हा कायदा. इंग्रजांच्या कोर्टांनी तोच उचलून धरला. 1937 च्या कायद्याने विधवेला हिस्सा मिळाला, पण तोही हयातीपुरता. मुलीला काहीच नाही.

आमच्या महार वतनातही वेगळे काय होते? 1874 च्या वतन कायद्यात 1886 साली दुरुस्ती झाली आणि विधवा सोडून घरातल्या बाकी स्त्रियांचा नंबर वारसाहक्कात पुरुषांच्या मागे गेला. गावकी राबली सगळ्या घराने, जमीन मात्र पुरुषाची!

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घाव घातला तो इथेच. मुलांचा जन्मसिद्ध हक्क रद्द, मुलीला मुलाइतका हिस्सा आणि विधवेला पूर्ण मालकी. सनातन्यांनी रान उठवले, बिल रखडले आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले.

1956 चा वारसा कायदा हा त्याच बिलाचा कापलेला तुकडा. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना समान वाटा. वडिलोपार्जित जमिनीवर मिताक्षरा तशीच ठेवली. ती दारे महाराष्ट्रात 1994 ला, तीही तोवर लग्न झालेल्या मुली वगळून, आणि देशभर 2005 ला उघडली. 2020 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की त्यासाठी 2005 मध्ये बाप हयात असण्याची अट नाही. धर्मांतराने यात बाधा येते हा गैरसमजही काढून टाका. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

आता आपल्या घरातले बोलू. 14 एप्रिलला हिंदू कोड बिलावर तासभर भाषण ठोकणारा भाऊ बाप वारल्यावर तलाठ्याकडे जातो आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. "माहेर तुटेल" या भीतीने ती सही करते. भाऊबीजेला साडी मिळते. हा विज्ञानेश्वराचाच कारभार, फक्त भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा.

म्हणून वारस नोंदीच्या अर्जात बहिणींची आणि आईची नावे घाला. एखादीचे नाव सातबाऱ्यावर चढले नाही म्हणून तिचा हिस्सा जात नाही, कारण फेरफार म्हणजे मालकी नव्हे. जमिनीतला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. कोऱ्या कागदावरची सही त्यासाठी पुरत नाही.