पूररेषा व बांधकाम नियम (महाड–पोलादपूर)

नदीच्या पूरपातळीनुसार बांधकामावर मर्यादा घालणारी व्यवस्था. महाबळेश्वरावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तेथे तिला गांधारी मिळते. पुढे बाणकोटच्या खाडीत भरती असली की पाण्याचा निचरा तुंबतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ बुडाली. पाणी चढू लागले की माल माळ्यावर चढवायचा, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत. त्या वेळी तीही तोकडी पडली.

निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. राज्यातील बहुतांश शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आहे; बाग, खुला वाहनतळ, स्मशानभूमी अशा मोजक्या वापरांना तेथे मुभा आहे. दोन रेषांमधील बांधकाम लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर हवे. ५०० चौ. मी. व त्यावरील भूखंडांवर नव्या बांधकामासाठी पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. खरी मेख ही उंची गाठण्यासाठी घातलेल्या भरावात आहे: एकाने जोते उंचावले की पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. पोलादपूरच्या डोंगरउतारावर पुराइतकाच दरडींचाही प्रश्न असल्याने तेथे नुसती पूररेषा अपुरी ठरते.