लग्नाचा छायाचित्रकार निवडताना

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधूवर परस्परांना हार घालतात. हा प्रसंग जेमतेम काही क्षणांचा. जेवणात वा सजावटीत काही उणे राहिले, तर त्याचा लवकरच विसर पडतो. हा क्षण टिपायचा राहून गेला, तर मात्र तो पुन्हा उभा करता येत नाही. म्हणूनच कार्यालयाची तारीख निश्चित होताच छायाचित्रकाराचा शोध सुरू करणे हिताचे ठरते.

संपूर्ण लग्न पाहावे
नमुना म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अल्बममध्ये बहुधा अनेक लग्नांतील निवडक छायाचित्रे असतात. त्यावरून कसब कळते, सातत्य कळत नाही. त्याऐवजी एकाच लग्नाची आरंभापासून अखेरपर्यंतची छायाचित्रे पाहण्यास मागावीत. कार्यालयातील पिवळसर दिवे, होमाचा धूर आणि स्वागतसमारंभातील रंगीत प्रकाश यांतही चेहऱ्यांचा वर्ण नैसर्गिक उतरला आहे का, हे त्यातून स्पष्ट होते.

विधींची जाण
सीमांतपूजन, गौरीहर, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी हे विधी गुरुजींच्या गतीने पार पडतात, छायाचित्रकारासाठी थांबत नाहीत. पुढे काय होणार हे ठाऊक असणारा आधीच योग्य जागी उभा राहतो. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर समोरासमोर असल्याने एकाच व्यक्तीला दोघांचे भाव समोरून टिपता येत नाहीत. त्यामुळे मुहूर्ताच्या वेळी किमान दोन छायाचित्रकार असावेत.

लेखी करार
तोंडी बोलणी पुरेशी नसतात. प्रत्यक्ष कोण येणार, तो आजारी पडल्यास पर्याय कोणता, किती तास काम करणार, निवडून सुधारलेली छायाचित्रे किती, अल्बमची पाने किती व तो केव्हा मिळणार, प्रवासखर्च व जीएसटी धरून रक्कम किती, हे सारे कागदावर असावे. कॅमेरा एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर छायाचित्रे साठवतो का आणि मूळ प्रती किती काळ जपल्या जातील, हेही विचारून घ्यावे. एक कार्ड बिघडले आणि दुसरी प्रत नसली, तर संपूर्ण सोहळा हातचा जाऊ शकतो.

हक्क कोणाचा?
भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामित्वहक्क ते काढून घेणाऱ्याकडे असतो. मात्र करारात याविरुद्ध अट नसेल तरच. छापील करारावर घाईने स्वाक्षरी केल्यास हा हक्क नकळत छायाचित्रकाराकडे राहू शकतो. छायाचित्रे जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर वापरण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी लागेल, असे कलम स्वतंत्रपणे लिहून घेणे उत्तम. करार वधूवरांच्या नावे आहे की वडिलांच्या, याचाही विचार व्हावा.

वडीलधाऱ्यांची यादी
सहजभावाची ‘कँडिड’ छायाचित्रे कितीही लोभस असली, तरी छायाचित्रकाराला घरातील माणसे ओळखू येत नाहीत. आजी-आजोबा, मामा-मावश्या, दूरगावाहून आलेले आप्त यांची यादी आधीच द्यावी आणि त्यांना ओळखणारा घरातील एखादा तरुण सोबतीला द्यावा. काही वर्षांनी अल्बम उघडला जातो, तेव्हा त्यातील काही माणसे केवळ त्या पानांतच उरलेली असतात.