फासे जुने, सोंग नवे

माऊली, घरातला नातू मान खाली घालून मोबाइलवर खेळताना दिसला की आपण सहज म्हणतो, 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' ही समजूत आधी सोडली पाहिजे. मोबाइल नवा आहे, पण जुगार आपल्याकडे फार जुना आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त 'अक्षसूक्त' म्हणून ओळखले जाते. त्यात हरलेला जुगारी स्वतःच आपली कहाणी सांगतो. चांगली बायको फाशांपायी दुरावली. सासू द्वेष करते. आईबाप आणि भाऊही त्याला ओळख देत नाहीत. कर्जबाजारी होऊन तो रात्री परक्या घराकडे वळतो. शेवटी त्याला उपदेश होतो, तो फासे टाकून शेती करण्याचा.

महाभारतात तर प्रत्यक्ष धर्मराजच पटावर बसला. राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी, सारे त्याने डावावर लावले. गेलेले सर्व परत मिळाले, तरी दुसऱ्यांदा बोलावणे येताच तो पुन्हा बसला. म्हणून 'आमचा मुलगा गुणी आहे, तो फसणार नाही,' असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जिंकलेल्या रकमेतून तो शेकडा पाच घेई. मुलांना हा हिशेब पाटीवर मांडून दाखवा. दहा मित्रांनी शंभर-शंभर रुपये लावले, तर हजार जमले. खेळ चालवणाऱ्याने त्यातून पन्नास काढले. असे दहा डाव झाले की त्याच्याकडे पाचशे गेले आणि मित्रांच्या खिशातून मिळून पाचशे कमी झाले. एखादा मित्र जिंकतोही, आणि जाहिरात त्याचीच होते.

पुढे जुगाराने बुद्धीचे सोंग घेतले. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालत. प्रवेशाचे पैसे भरायचे आणि बक्षिसाची वाट पाहायची. मुंबई राज्याच्या कायद्यावरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ साली न्यायालयाने ठरवले की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. त्या निकालात अक्षसूक्ताचा आणि महाभारताचाही दाखला आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध केले, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. पैसे न लावता खेळायच्या खेळांना मात्र मोकळीक ठेवली. त्याने रेघ नेमकी पैजेवर ओढली आहे.

मुलांना हीच रेघ ओळखायला शिकवायची आहे. 'खेळू नकोस' म्हटले की मूल लपून खेळते. 'यात तू काय लावतोस?' असे विचारले की ते विचार करते. समाजमाध्यमांवर पैसे लागत नाहीत, पण तिथे वेळ, झोप आणि मनाची शांती लागते. पुढचा व्हिडिओ कसा निघेल, आपल्या फोटोला किती जणांची पसंती मिळेल, हे आधी कळत नाही. पुढचे दान काय पडेल, या ओढीनेच जुगारीही पटावरून उठत नाही.

आपल्या संतांनी खेळाला कधी वाईट म्हटले नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, टिपरी, हुतुतू, फुगडी यांवर अभंग आहेत. वारीत आजही फुगडी रंगते, रिंगण धावते. तिथे कोणाचे काही जात नाही, म्हणून हरणाराही हसत उठतो. मुलांना त्या खेळात घ्या. येत्या एकादशीला फराळाबरोबर मोबाइलचाही उपास ठरवा, आणि तो आधी मोठ्यांनी करावा. घरात कोणी पैसे हरल्याचे कबूल केले, तर त्याला अक्षसूक्तातल्या आईबापांसारखे परके करू नका. जवळ बसवा, त्याचे ऐका आणि हिशेब मांडायला मदत करा.

रामकृष्ण हरी!