भाड्याच्या खोलीकडून मालकीच्या सदनिकेकडे : मुंबईतील घरखरेदीचा इतिहास

मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार म्हणजे घरखरेदी होय. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिचे अलीकडेपण लक्षात येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहरात ‘जागा घेणे’ याचा सर्वसाधारण अर्थ भाड्याने घेणे असाच होता. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक खोलीचे भाडे भरीत. स्वतःचे घर असलेच तर ते गावी असे. भाडेकरूंचे हे शहर सदनिकाधारकांचे कसे झाले आणि त्यांना लाभलेली मालकी कोणत्या स्वरूपाची होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर निवाऱ्याचा प्रश्न शासनाच्या ऐरणीवर आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये निर्माण झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या. दरम्यान १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली होती. मात्र तेथेही सभासद हा आपल्याच संस्थेचा भाडेकरू होता.

खरे वळण १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने दिले. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानून ते गोठविण्यात आले. युद्धकालीन महागाई आणि फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहता हे पाऊल अटळ होते. परंतु भाड्यासाठी इमारत बांधणे यापुढे किफायतशीर राहिले नाही. जुन्या इमारतींची दुरुस्तीही थांबली. अखेर १९६९ मध्ये कायदा करून अशा १९,६४२ इमारतींसाठी शासनाला दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. सर्व दोष या एका कायद्यावर टाकण्याची अभ्यासकांची प्रवृत्ती मात्र एकांगी आहे. बृहन्मुंबईच्या क्षेत्राची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १८ लाख होती, ती १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाखांवर गेली. एवढ्या वाढीपुढे कोणतीही भाडेव्यवस्था अपुरीच ठरली असती.

गोठलेले भाडे आणि वाढती मागणी यांच्या फटीतून ‘पगडी’ फोफावली. खोलीचा ताबा मिळविण्यासाठी मोठी रक्कम एकदम मोजायची, पावती मागायची नाही, आणि नंतर नाममात्र भाडे भरत राहायचे, असा हा व्यवहार होता. कायद्याने तो गुन्हा होता. तरी घरमालक, भाडेकरू आणि दलाल तिघेही तो उघडपणे करीत. त्याला कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने. राहण्याच्या हक्काची किंमत एकरकमी मोजण्याची सवय नोकरदार वर्गाला पगडीने लावली, असे म्हणावे लागते. मालकीच्या सदनिकेची कल्पना या सवयीवर सहज उभी राहिली.

बिल्डरलाही ती सोयीची होती. ग्राहकांच्याच हप्त्यांतून इमारत उभी राही व भांडवल अडकून पडत नसे. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यावर १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. लेखी करार केल्याखेरीज आगाऊ रक्कम घेण्यास त्याने मनाई केली. १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाल्यावर पगारदारांना दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळू लागले. तथापि परवडणारे घर बोरिवली, मुलुंड, डोंबिवली असे दूर सरकत गेले. एका खोलीत नवविवाहितांची होणारी कोंडी ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाने विनोदाने मांडली. उपनगरातील सदनिकेने ती सोडविली, पण रोजचे काही तास लोकलगाडीने घेतले.

१९६३ च्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र बव्हंशी कागदावरच राहिली. करारात अन्य मुदत नसल्यास, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावयाची होती. वाढीव चटईक्षेत्राचा लाभ हातचा जाऊ नये म्हणून अनेकांनी हे अभिहस्तांतरण टाळले. वीस-वीस वर्षे हप्ते फेडलेल्या कुटुंबांना इमारत मोडकळीस आल्यावर, पुनर्विकासाच्या वेळी कळले, की मालमत्तापत्रकावर नाव दुसऱ्याचेच आहे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. सदनिका विकत घेणाऱ्यांच्या संस्थेला जमिनीसाठी सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागले, ते कायदा होऊन पंचेचाळीस वर्षे लोटल्यावर.