आठ महार, श्रीलंका आणि रसदीची न सांगितलेली गोष्ट

महार रेजिमेंटचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापासून सुरू होते आणि फार तर १९४१ पर्यंत येऊन थांबते. त्या वर्षी बेळगावला पहिली महार बटालियन उभी राहिली. त्यामागे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांचा आग्रह होता, हे आपल्याला पाठ असते. पुढच्या लढाया मात्र आपल्या बोलण्यात येत नाहीत. समुद्रापलीकडे लढलेली श्रीलंकेची लढाई तर जवळजवळ विसरलीच गेली आहे. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेतून तिकडे गेलेले जवान आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या पलटणींबद्दल आणि त्यांना काय पुरवले गेले, काय नाही, याबद्दल थोडी माहिती एकत्र असावी म्हणून आम्ही हे टिपण देत आहोत.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवसापासून सिकंदराबादच्या ५४ इन्फंट्री डिव्हिजनचे जवान पलालीच्या धावपट्टीवर आणि कांकेसनतुराई बंदरात उतरू लागले. नेमून दिलेले काम शांतता राखण्याचे होते : तमीळ गटांची शस्त्रे जमा करून घ्यायची आणि श्रीलंकेचे सैन्य बराकीत राहील हे पाहायचे. जाफनाच्या लढाईत ९१ ब्रिगेडमध्ये ८ महार होती, आणि तिच्या सोबत ५ मद्रास व १ मराठा लाइट इन्फंट्री.

शांततेसाठी जाणे आणि लढाईसाठी जाणे यात सामानाचा मोठा फरक असतो. घरच्या छावणीत असलेल्या पलटणीत माणसे कधीच पुरी नसतात. कोणी रजेवर, कोणी कोर्सला, कोणी दुसऱ्या ड्युटीवर. लढाईचा हुकूम आला की ही माणसे परत बोलावतात, जड शस्त्रे आणि दारूगोळा युद्धाच्या हिशोबाने उचलतात. १९८७ मध्ये त्याला वेळच मिळाला नाही. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग यांनी पुढे या मोहिमेवर पुस्तक लिहिले. शांतिसेनेची एकूण सूत्रे ज्यांच्याकडे होती ते लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग आणि नंतर ५४ डिव्हिजन सांभाळणारे लेफ्टनंट जनरल एस. सी. सरदेशपांडे यांचीही पुस्तके आहेत. घाईत, अपुऱ्या तयारीनिशी गेलेली फौज ही तक्रार या लिखाणात पुन्हा पुन्हा येते.

१० ऑक्टोबर १९८७ ला ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले आणि शांतिसेना एलटीटीईशी लढू लागली. इथून पुढे रसदीची कमतरता जिवावर बेतू लागली.

रायफलीचेच पाहा. आपल्या जवानाच्या हातात ७.६२ मिमीची एसएलआर होती. लांब पल्ल्याची, भरवशाची, पण वजनदार. एका मॅगझिनमध्ये वीस काडतुसे आणि एका वेळी एकच गोळी. समोरच्या पोरांकडे एके-४७, तीस गोळ्यांचे मॅगझिन, घोडा दाबून धरला की सलग फैर. शिवाय एसएलआरचे काडतूस एके-४७ च्या काडतुसापेक्षा साधारण दीडपट जड. म्हणजे तेवढेच ओझे पाठीवर घेतले तर समोरच्याकडे दीडपट गोळ्या. जाफना म्हणजे माडांच्या बागा, बोळ, कुंपणाला कुंपण लागलेली घरे. तिथे पल्ल्याचा उपयोग थोडा, जवळून वेगाने मारा करणाऱ्याचा फायदा जास्त.

नकाशे जुने होते. तमीळ जाणणारी माणसे कमी होती, त्यामुळे गावात माहिती मिळवायची तरी पंचाईत. रस्त्यांखाली सुरुंग पेरलेले असायचे, म्हणून गाडीने पोचणारा शिधा, पाणी, दारूगोळा प्रत्येक वेळी धोक्याचा. आधी पायी जाऊन रस्ता तपासायचा, मग ताफा सोडायचा. पुढे गेलेल्या तुकडीला जखमी परत पाठवायचा तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची. ‘पुरवठा’ हा शब्द कागदावर कोरडा वाटतो. तिथे त्याचा अर्थ होता, आज रात्री माझ्याकडे किती गोळ्या आहेत आणि उजाडेपर्यंत पुरतील का.

११ आणि १२ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तुकड्यांचे काय झाले, ते या मोहिमेतले सर्वांत दुःखद पान आहे. १० पॅरा कमांडोंबरोबर १३ शीख लाइट इन्फंट्रीची माणसे उतरायची होती. मारा इतका होता की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि शीख एलआयचे अवघे तीस जण मैदानावर अडकले. ना मागून कुमक, ना दारूगोळा. गोळ्या संपेपर्यंत ते लढले. एकोणतीस मेले, एक जिवंत पकडला गेला. शीख लाइट इन्फंट्री ही मजहबी आणि रामदासिया शिखांची रेजिमेंट. म्हणजे पंजाबातल्या आपल्याच भावंडांची. महाराष्ट्रातल्या आपल्या कार्यक्रमांत त्या तिसांचा उल्लेख आम्ही क्वचितच ऐकला आहे.

आता ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन. जन्म मुंबईचा, १९४६ चा. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहीम आटोपून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी हल्लेखोरांना मागून घेरले आणि त्यांच्यावर चाल केली. हातघाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. तरीही त्यांनी त्याच माणसाची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्या चकमकीत पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर हाती लागले. शांतिसेनेतले एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. महार रेजिमेंटचेही ते पहिलेच. ते तमीळ कुटुंबातले होते. आपली रेजिमेंट फार पूर्वीच सर्व जातींची झाली आहे, आणि परमेश्वरन यांचा अभिमान आपल्याला त्यामुळे कमी वाटायचे कारण नाही.

हे शौर्य सांगताना आपण एक तपशील पटकन ओलांडतो. रात्री दबा धरून बसलेल्या त्या टोळीकडे दोन रॉकेट लाँचर होते. कुठल्या तयारीच्या शत्रूपुढे आपल्या माणसांना ‘शांतता राखायला’ पाठवले होते, हे त्या एका नोंदीतून कळते. शौर्याचे कौतुक करताना तयारीतल्या उणिवांवर पांघरूण पडू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल कृष्णस्वामी सुंदरजी हेही महार रेजिमेंटचेच अधिकारी होते. रेजिमेंटचा माणूस लष्करप्रमुख झाला याचा अभिमान बाळगायचा, तर त्याच्या काळातल्या निर्णयांचा हिशोबही विचारायला हवा.

सुधारणा झाल्या, पण उशिरा. रणगाडे लढाई पेटल्यावर आले. एके रायफली पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या त्या प्रामुख्याने पुढच्या दशकात, आणि इन्सास रायफल जवानांच्या हाती पडायला नव्वदचे दशक उजाडले. श्रीलंकेत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मारले गेले. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. कारगिलनंतर समिती नेमली गेली, तिचा अहवाल लोकांसमोर आला. श्रीलंकेच्या वाट्याला तसे काही आले नाही. त्यामुळे जे काही उघड आहे ते बहुतांशी अधिकाऱ्यांच्या पुस्तकांतून, तेही इंग्रजीत. शिपाई, नायक, हवालदार यांचे म्हणणे त्यात नाही.

कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टे येथे शांतिसेनेचे स्मारक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही या जवानांची नावे आहेत. तिथे जाणाऱ्यांनी ८ महारच्या नावांचा फोटो काढून गावी दाखवावा.

ज्यांच्या घरात किंवा वस्तीत त्या काळातले माजी सैनिक आहेत, त्यांनी पलटणीचा आणि कंपनीचा नंबर, कोणत्या महिन्यात गेले, कुठे उतरले, कोणत्या गावात मुक्काम होता, एवढे आधी लिहून घ्यावे. डिस्चार्ज बुकातल्या नोंदी त्याला आधार देतात. कागद हरवले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. त्यानंतर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. किती मारले हे विचारू नका. किती मॅगझिन मिळायची, पाणी कुठून यायचे, शिधा किती दिवस अडकायचा, जखमी सोबत्याला कसे हलवले, पत्र घरी पोचायला किती दिवस लागायचे, हे विचारा. बहुतेकांना हे प्रश्न आजवर कोणी विचारलेलेच नाहीत.