ट्रू ब्लड

अमेरिकेतील एचबीओ वाहिनीवरील अद्भुतरम्य नाट्यमालिका. ७ सप्टेंबर २००८ ते २४ ऑगस्ट २०१४ या काळात तिची सात पर्वे आणि ८० भाग प्रसारित झाले. शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाउस कादंबरीमालेवर ती आधारलेली असून तिचे जनक अ‍ॅलन बॉल आहेत. बॉल यांनी यापूर्वी ‘सिक्स फीट अंडर’ ही मालिका घडवली होती.

कथा लुइझियाना राज्यातील बाँ ताँ या काल्पनिक गावात घडते. जपानी शास्त्रज्ञांनी कृत्रिम रक्त तयार केल्यामुळे माणसांचे रक्त पिण्याची गरज उरलेली नाही, असे जाहीर करून व्हॅम्पायर उघडपणे समाजात वावरू लागले आहेत. उपाहारगृहात काम करणाऱ्या सूकीला (अ‍ॅना पॅक्विन) इतरांच्या मनातले विचार ऐकू येतात. व्हॅम्पायरांचे मात्र येत नाहीत. बिल कॉम्प्टन (स्टीव्हन मॉयर) या व्हॅम्पायरच्या सहवासात तिला प्रथमच निवांतपणा लाभतो आणि त्यातून त्यांचे प्रेम जुळते. पुढे एरिक नॉर्थमन (अलेक्झांडर स्कार्सगार्ड) याच्यामुळे या नात्यात ताण येतो.

सूर्यप्रकाश व चांदी यांची बाधा, घरमालकाने बोलावल्याशिवाय घरात प्रवेश नसणे, हे व्हॅम्पायरकथांतील परिचित संकेत मालिकेने पाळले आहेत. तिचे वेगळेपण मात्र व्हॅम्पायरांना हक्क मागणारा अल्पसंख्य समाज म्हणून दाखवण्यात आहे. त्यांची संघटना समान नागरी हक्कांसाठी झटते, तर एक कडवा धर्मपंथ त्यांच्या नायनाटाची भाषा करतो. वंशभेद आणि समलिंगी व्यक्तींविषयीचा द्वेष यांचे पडसाद या संघर्षात स्पष्ट उमटतात. दुसरीकडे, व्हॅम्पायरांचे रक्त नशेसाठी चोरून विकणारी माणसेही येथे आहेत. त्यामुळे क्रौर्य एकाच बाजूचे राहत नाही.

मूळ कादंबऱ्या सूकीच्या निवेदनातून उलगडतात. मालिकेने इतर पात्रांनाही स्वतंत्र कथानके दिली. कादंबरीत लवकर मारला जाणारा लफायेत (नेल्सन एलिस) मालिकेत अखेरपर्यंत जिवंत राहतो, तर जेसिका ही मालिकेनेच निर्माण केलेली व्यक्तिरेखा आहे.

पॅक्विन यांना सूकीच्या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब, तर मालिकेला २००९ मध्ये पात्रनिवडीसाठी एमी पुरस्कार मिळाला. पाचव्या पर्वानंतर बॉल यांनी सूत्रे सोडली. तिसऱ्या पर्वापासून परी, चेटकिणी, लांडगेमानव अशा पात्रांची गर्दी होत जाऊन मूळ सामाजिक आशय काहीसा क्षीण झाला. मालिकेचे सामर्थ्य प्रामुख्याने सुरुवातीच्या पर्वांत आढळते.